दोन जोड सेल आणि साडेतीन मिनिटं

१४ एप्रिल २००३, सोमवार

आज बाबासाहेबांची जयंती. घरकामाच्या सुलोचनाबाई सुट्टीवर, नालवाडीभर निळे झेंडे, आणि चौकातल्या भोंग्याने माझी दुपारची झोप नेलेली. तेवढ्यात नागपूरहून ज्योत्स्नाचा फोन आला. कॉन्व्हेंटच्या वर्गातली ही एकटीच मला अजून धरून आहे. म्हणाली, सिस्टर बेनीटा चालल्या. मी मटकन खुर्चीत बसले. मग तिने वाक्य पुरं केलं : केरळला चालल्या. सत्तरी उलटली, गुडघे धरलेत, त्यांच्या संस्थेचं तिकडे म्हाताऱ्या सिस्टरांसाठी घर आहे, तिथे कायमच्या. नऊ मेची गाडी, सेवाग्रामला थांबते. ज्योत्स्ना म्हणाली, तुझ्या दारावरूनच जातील, हात तरी हलव.

माझ्याकडे सिस्टरचा एकही फोटो नाही. शाळेत फोटो त्याच काढायच्या, स्वतः कधी उभ्या राहिल्या नाहीत. आमच्या वर्गाच्या फोटोत पुढच्या गवतावर त्यांची लांब सावली तेवढी पडली आहे. चव्वेचाळीस वर्षं मी ती सावली बघत आले.

ठरवलं. नऊ तारखेला फलाटावर जायचं आणि त्यांचा एक फोटो काढायचा. एकच हवा, पण नीट.

१५ एप्रिल, मंगळवार

कपाटातून कॅमेरा काढला. धाकट्या दिरांनी ८७ साली कुवेतहून आणलेला. रीळ स्वतःच पुढे ओढतो, अंधार असला तर फ्लॅशही स्वतःच उडवतो. सगळं दोन पेन्सिल सेलवर. सेल नसले तर नुसता डबा.

मागचं झाकण उघडलं तर आत घरातल्या शेवटच्या लग्नापासून राहिलेले सेल फुटलेले. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखं झालं होतं. मला रडू यायचं बाकी राहिलं. ह्यांनी चष्मा लावून पाहिलं, लिंबू मागितलं, आणि कापसाच्या बोळ्याने तासभर घासत बसले. इलेक्ट्रिकच्या दुकानात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, टॉर्चपासून पंख्यापर्यंत सगळं येतं. पण कॅमेरा काही चालू झाला नाही. मी म्हटलं, जाऊ द्या, काय एवढं. ह्यांनी कॅमेरा रुमालात बांधून स्वतःच्या कपाटात ठेवला.

१८ एप्रिल, शुक्रवार

हे आज नागपूरला माल आणायला गेले. एवढ्या उन्हात काय अडलं होतं कळेना. संध्याकाळी परत आले ते माल न घेता. हातात फक्त एक छोटा खोका आणि रुमालातला कॅमेरा. म्हणाले, लिंबानं काम केलं, उशिरा पण केलं. खरंच, आत नवीन सेल घातल्याबरोबर बारीक गुर्र आवाज करून कॅमेरा जागा झाला. स्प्रिंगच्या जागची पट्टी अशी चकचकीत झाली आहे की नवीच वाटते. लिंबात एवढी ताकद असते हे मला माहीत नव्हतं.

खोक्यात चार्जर निघाला आणि चार्ज करायचे दोन सेल. सेल संपले की फेकायचे नाहीत, भिंतीतल्या प्लगमध्ये चौदा तास लावायचे, की पुन्हा ताजे. हजार वेळा म्हणे. हे एवढे खुश की जेवताना चार्जर ताटाशेजारी.

२० एप्रिल, रविवार

अण्णाजींच्या स्टुडिओत रीळ घ्यायला गेले होते. अण्णाजींनी गावातल्या तीन पिढ्यांचे फोटो काढलेत, म्हणून त्यांना विचारलं, चार्जिंगचे सेल बरे की फेकायचे? त्यांनी टेबलावर दोन्ही ठेवून शाळेतल्या मास्तरांसारखं समजावलं. फेकायचा चांगला अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा. चार्जिंगचा सव्वाच्याही आतला. हा कॅमेरा जुना, त्याला दीडची सवय. सव्वाचा सेल पूर्ण भरलेला असला तरी हा त्याला रिकामा समजून लाल दिवा दाखवेल. शिवाय फेकायचा सेल हळूहळू थकतो, आधी सांगतो. चार्जिंगचा सांगत नाही, एकदम बसतो. आणि नुसता ठेवला तरी आपोआप उतरत जातो.

"वहिनी, लग्नात वापरायचे तर चार्जिंगचे, रोज भरता येतात. तुम्हाला एकच फोटो काढायचा आहे ना? मग फेकायचे घ्या आणि निवांत झोपा."

एक जोडी घेतली. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ह्यांचं तोंड उतरलं. म्हणाले, "अण्णाजीले काय, त्याले विकाचे हायत. मी जन्मभर लोकाईले फेकाचे सेल विकले, मले त्याईची लायकी मालूम हाय."

आता घरात दोन पक्ष झाले आहेत.

२४ एप्रिल, गुरुवार

आज खरं लिहिते, नाहीतर ही वही कशाला.

ज्योत्स्नाने पुन्हा फोन केला, नागपूरलाच ये ना भेटायला, बसने दीड-दोन तास. हेही म्हणाले, चल, मी येतो. मी म्हटलं कुरडयांचा घाट घातलाय, ऊन फार आहे, आणि सेलचं ठरायचंय. तिन्ही कारणं खरी आहेत. पण गाडी दोन मिनिटं थांबते. दोन मिनिटांत फोटो होतो, बोलणं होत नाही. मला ते बरं वाटतं.

१९५९चा जानेवारी. मी सोळा वर्षांची, सेलूला घरी आलेली, मॅट्रिकला दोन महिने. ह्यांच्याकडून निरोप आला होता की ह्यांच्या आजीचं काही खरं नाही, तिला डोळे मिटण्याआधी नातसून बघायची आहे, लग्न माघातच उरका. मी होस्टेलवर परत गेले नाही, म्हणून सिस्टर बेनीटा बसने सेलूला आल्या. एकट्या, पांढऱ्या झग्यावर बसची धूळ घेऊन. बाबांनी त्यांना ओसरीवर बसवलं, चहा दिला. मी मधल्या दाराच्या पडद्याआड उभी. सिस्टर वर्गात कधी आवाज चढवत नसत, पण त्या दिवशी चढवला. कोकिळा इंग्रजीत पहिली आहे, गणितात पहिली आहे, परीक्षेपर्यंत थांबा, ही मुलगी मोठी शिक्षिका होईल. मला वाटलं त्या चिडल्यात. माझ्यावरच चिडल्यात. बाबांनी हात जोडले. सिस्टरांनी जाताना विचारलं, कोकिळा आहे का? बाबा म्हणाले, मावशीकडे गेली आहे. आणि मी आले नाही बाहेर. दोन पावलांवर होते.

पुढे पत्र लिहीन म्हटलं, तेही लिहिलं नाही. आधी लाज वाटत होती, मग उशीर झाला होता, मग फारच उशीर झाला.

असो. लग्न चांगलं झालं. माणूस चांगला मिळाला, कधी कधी चार्जर घेऊन जेवायला बसतो एवढंच.

२९ एप्रिल, मंगळवार

चाचणी केली. एक जुनं अर्धवट रीळ होतं, त्यावर. सुलोचनाबाई गच्चीवर सोऱ्याने कुरडया घालत होत्या, त्यांचा फोटो काढला. त्यांनी आधी खाली जाऊन लुगडं बदललं, पावडर लावली, मग पुन्हा सोऱ्या हातात घेऊन बसल्या.

ह्यांचे चार्जिंगचे सेल घातले तर लाल दिवा लुकलुकला, अण्णाजी म्हणाले तसाच. तरी फोटो निघाला, फ्लॅशही उडाला. हे म्हणाले, दिवा खोटं बोलून राह्यला, काम तर करते. माझे घातले तर दिवा लागला नाही. मी म्हटलं, बघा. हे म्हणाले, पहिल्या दिवशी सगळेच चांगले वागतात.

सुलोचनाबाईंचं मत कोणी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "दोघाईचेबी न्या ना सोबत. भांडता कायले?"

३ मे, शनिवार

ऊन पंचेचाळीसच्या वर. पंखा गरम हवा फिरवतो. दिवसातून दोनदा लाईन जाते, त्यामुळे चार्जरचे चौदा तास काही सलग होत नाहीत. हे वहीच्या मागच्या पानावर लाईन किती वाजता गेली, किती वाजता आली ते लिहून बेरीज करतात.

हल्ली ह्यांना सकाळी फिरायची हुक्की आली आहे. स्कूटर घेऊन फिरायला जातात, हे मला नवीन आहे. आज आल्यावर म्हणाले, गाडी दोन मिनिटं थांबते असं लिहिलं असलं तरी साडेतीन मिनिटं थांबते, आणि लेडीजचा डबा पाण्याच्या नळासमोर येतो. दुकानात बसून ह्या माणसाला गावातलं सगळं कसं कळतं, देव जाणे.

दुपारी उन्हाने झोप लागत नव्हती तेव्हा एकदम म्हणाले, "दोन महिने थांबता आलं असतं, नाई?" मी विचारलं, कोणाला? तर म्हणाले, काही नाई, कूलर घ्यायले थांबलो असतो तर भाव उतरला असता. कूलर आपण मागच्याच वर्षी घेतला. उन्हाचा परिणाम, दुसरं काय.

६ मे, मंगळवार

अनर्थ झाला, आणि दोष माझा.

सकाळी टॉर्च मंद झाला होता. मी सुलोचनाबाईंना म्हटलं, टेबलावरचे सेल गच्चीवर उन्हात ठेवा. हे आपण आयुष्यभर करत आलो. थकलेले सेल दोन दिवस उन्हात ठेवले की पुन्हा आठवडाभर चालतात. सेलूला आई वड्यांच्या खाटेच्या कडेला सेलची रांग लावायची. टेबलावर टॉर्चचे सेल होते, आणि शेजारी ह्यांचे चार्ज झालेले दोन आणि माझे नवे दोन. सुलोचनाबाईंनी सगळे नेले. प्रेमानेच नेले. कुरडया निवडून बाजूला केल्या आणि पत्र्यावर सहाही सेल ओळीने मांडले, दिवसभर पंचेचाळीस-सेहेचाळीसच्या उन्हात, खालून तापलेला पत्रा.

संध्याकाळी मी वर गेले तर सेल हातात धरवेनात. माझ्या एका सेलच्या बुडाशी ओल आली होती. ह्यांच्या सेलांचं वरचं प्लॅस्टिकचं वेष्टन आखडून वर सरकलं होतं. मी पत्र्याशेजारीच बसले.

सुलोचनाबाईंना कळलं तेव्हा त्या हादरल्या. "बाई, तुम्हीच म्हटलं उनात ठेवा म्हणून. मले वाटलं नव्याले आणखी जोर येईन." मलाही परवापर्यंत तसंच वाटलं असतं. आम्ही दोघी गच्चीवर त्या सेलांकडे बघत बसलो आणि मग हसायला लागलो, थांबेनाच.

ह्यांनी आपले सेल फडक्यात गुंडाळून थंड माठाच्या झाकणावर ठेवले आणि स्कूटर काढून अण्णाजींकडे गेले. माझ्या पक्षाच्या दुकानात. नवी जोडी आणली, आणि माझ्या हातात न देता स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात घातली.

८ मे, गुरुवार

ह्यांचे सेल पुन्हा चार्ज केले. नऊ तास भरले, मग लाईन गेली ती आलीच नाही. तरी तेच कॅमेऱ्यात घालून दिले. मी वाद घातला नाही. उद्या कोणती साडी नेसावी कळत नाही. माझी नखं पाहिली आणि कापली, सिस्टर वर्गात तपासायच्या म्हणून. साठाव्या वर्षी.

९ मे, शुक्रवार

आजच लिहायला हवं.

गाडी पाऊण तास उशिरा आली. आम्ही पाण्याच्या नळासमोर उभे. डबा खरोखर तिथेच आला. दारात एक सिस्टर उभ्या होत्या, त्यांच्यामागे दांडी धरून बेनीटा सिस्टर. केवढ्याशा झाल्या आहेत. माझ्या आठवणीत त्या उंच होत्या.

मी हाक मारली, पण नाव सांगायचं राहून गेलं. कॅमेरा डोळ्याला लावला, दाबलं. काही नाही. दिवा नाही, आवाज नाही. एकदम बसले, अण्णाजी म्हणाले तसेच. ह्यांनी खिशातली जोडी पुढे केली. मी खाली मान घालून झाकण उघडलं, एक सेल उलटा घातला, काढला, खाली पडला, फलाटावर घरंगळत गेला. हे त्याच्यामागे धावले. माझी मान वर होईना. साडेतीन मिनिटांतली किती गेली कोण जाणे.

"कोकिळा. तो डबा खाली कर. मला तुझं तोंड बघू दे."

तोच आवाज. मराठी अजून तशीच, प्रत्येक शब्द धुऊन वाळवलेला. मी वर पाहिलं आणि ठरवलेलं एकही वाक्य आलं नाही. म्हटलं, "सिस्टर, तुम्ही सेलूला आला होतात तेव्हा मी मावशीकडे नव्हते."

"मला माहीत आहे. पडद्याखालून तुझे पाय दिसत होते."

मी म्हटलं, मग तुम्ही हाक का नाही मारली?

"तुला ऐकू जावं म्हणून तर मी इतक्या मोठ्याने बोलत होते."

मी तिथेच, नळासमोर, सगळ्यांदेखत रडले. सिस्टरांनी दारातून हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला. मग म्हणाल्या, रुमाल कुठे आहे, रुमाल नेहमी जवळ असावा. मी म्हटलं, मला तुमचा फोटो हवा होता. त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी? आण इकडे. सुईत दोरा ओवायलाही तू अर्धा तास लावायचीस." माझ्या हातातून कॅमेरा घेतला, ह्यांनी पळत आणलेले सेल घेतले, टपटप बरोबर बसवले. गुर्र झालं. म्हणाल्या, तुझे मिस्टर ना हे? उभे राहा दोघं, जवळ. आम्ही उभे राहिलो. त्यांनी फोटो काढला.

आणि गाडी हलली.

कॅमेरा त्यांच्याच हातात. त्या ओरडल्या, "कोकिळा, कॅमेरा!" मी धावले. साठ वर्षांची बाई, पदर हातात, सेवाग्रामच्या फलाटावर. हात पुरला नाही. मागून हे ओरडत होते, "राहू द्या सिस्टर! घेऊन जा! रीळ बाकी हाय!"

गाडी हिंगणघाटच्या दिशेने गेली. फोटो मिळाला नाही आणि कॅमेराही गेला. आम्ही नळाचं पाणी प्यायलो. हे म्हणाले, सेल तरी चालले शेवटी. मी विचारलं, कोणते? तुझेच, म्हणाले. पहिल्यांदाच हार मानली, आणि मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

२ जून, सोमवार

केरळहून पार्सल आलं. आत कॅमेरा, कापडात गुंडाळलेला, पत्र, आणि धुतलेले बावीस फोटो.

सिस्टर लिहितात की तुझा कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते, मग मोह झाला. पन्नास वर्षांत असा मोकळा वेळ मिळाला नव्हता. हिंगणघाट ते बल्लारशा त्या बटण दाबतच बसल्या. प्रत्येक फोटोला फ्लॅश उडतो हे उशिरा कळलं. बल्लारशाला सेल संपले. फलाटावर चहावाल्याच्या शेजारच्या टपरीवर साधे लाल सेल मिळाले, सगळ्यात साधे, ते घातले. फ्लॅश आता बोटाने खाली दाबून बंद ठेवला. पुढचे सगळे फोटो त्याच सेलवर.

ते लाल सेल आमच्या दुकानात बरणीत भरलेले असतात. आम्ही दोघांपैकी एकाच्याही डोक्यात ते आले नव्हते. हे इतके हसले की सुलोचनाबाई स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

फोटो : आम्ही दोघं नळासमोर, जवळ. मी धावताना, पदर हातात, तोंड उघडं. हे मागे, हात वर. झोपलेल्या दुसऱ्या सिस्टर. पुलावरून गोदावरी, वाकडी. आणि शेवटचा. समोरच्या बाकावरच्या बाईंनी काढला आहे, कारण सिस्टर लिहितात, तुला हवा होता ना. कपाळ वरून थोडं कापलं गेलंय, एका कोपऱ्यात त्या बाईंचं बोट आलंय. सिस्टर खिडकीशी, वाऱ्याने डोक्यावरचं कापड उडालेलं, डोळे मिटून हसताहेत. अण्णाजींना दाखवला तर त्यांनी तीन चुका काढल्या आणि चौथी राहू दिली.

४ जून, बुधवार

सिस्टरांना पत्र लिहिलं. इंग्रजीत, शाईच्या पेनने, तीन पानं. लिहायला दोन दिवस लागले. पहिलं पान सेलचंच झालं, सेलू दुसऱ्या पानावर आलं, तिसरं कशाचं झालं कळलंच नाही.

ह्यांना वाचून दाखवलं. इंग्रजी ह्यांना सगळं कळत नाही, पण मान हलवत होते. मग म्हणाले, खाली दोन ओळींची जागा सोड, मले लिहाची हाय. मी पेन दिला आणि पाकीट शोधायला गेले. परत आले तर हे चार्जरमधले सेल काढून फडक्याने पुसत बसले होते, माझ्याकडे न बघता. खाली दुकानाच्या वहीतल्या अक्षरात मराठीत लिहिलं होतं :

"सिस्टर, लग्नाची घाई आमच्या घरून झाली होती. आजीचं नाव होतं, पण मीबी थांबा म्हटलं नाई. तेव्हापासून मनात हाय. फोटो चांगले आले."

मी ते दोनदा वाचलं. म्हटलं, आजी तर लग्नानंतर अकरा वर्षं जगल्या. हे म्हणाले, "हो ना. तेच तर."

मग त्यांनी विचारलं, पाकीट काऊन चिकटवून नाई राह्यली? मी चिकटवलं. तीन पानं जाड झाली आहेत, उद्या पोस्टात वजन करून बहुतेक एक तिकीट जास्त लावावं लागेल.